सहा वाल्व्ह, बारा वाल्व्ह आणि एक चर : इंदूरच्या आठशेवाल्यांचा हंगाम

निकाल आधीच सांगून टाकतो, उगाच शेवटपर्यंत ताणत नाही. आमच्या क्लबचा यंदाचा चॅम्पियन 33 पॉइंट्सवर ठरला, दुसरा नंबर 32 वर. तो एक पॉइंट आला 0.18 सेकंदांच्या फरकातून, आणि हे 0.18 आम्ही मोजले दोन मोबाइलच्या स्टॉपवॉचवर, ज्या दोघांचं आपसातच 0.31 ने जमत नव्हतं. हे वाचून हसू आलं तर हसा, आम्हीही हसतो आता, पण त्या दिवशी मैदानावर कोणी हसत नव्हतं.

क्लब म्हणजे फार मोठं काही नाही. राजेंद्रनगर, सुदामानगर या बाजूची बरीचशी मराठी मंडळी, चार-दोन माळवी दोस्त, वर्गणी भरणारे 17 जण आणि गाड्या 11, सगळ्या मारुती 800. दुसरी गाडी घेतच नाही आम्ही. प्रकार ऑटोक्रॉसचा, म्हणजे मोकळ्या जागेत कोन लावून साधारण 600 मीटरचा वळणावळणाचा रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, प्रत्येकाला तीन रन, त्यातला सगळ्यात चांगला धरायचा, कोनला धक्का लागला की 5 सेकंद दंड. पॉइंट पहिल्याला 10, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 6, चौथ्याला 5. चांगला ड्रायव्हर 55 सेकंदांच्या आसपास येतो, म्हणजे हिशोब केलात तर सरासरी ताशी 40 सुद्धा पडत नाही. पण आत बसलेल्याला विचारा. पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, स्टिअरिंग इकडून तिकडे, पॉवर स्टिअरिंगचा पत्ता नाही, घरी गेल्यावर दंड असे भरून येतात की पोळीचा तुकडा मोडवत नाही.

आठशेच का, तर स्वस्त म्हणून, आणि पार्ट कुठेही मिळतात म्हणून. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी आली आणि 2014 च्या जानेवारीत बंद झाली, एवढ्या वर्षांत इंदूरच्या कुठल्याही मेकॅनिकच्या हाताखालून ती गेली नाही असं झालेलं नाही. त्यात 2022 च्या एप्रिलपासून 15 वर्षांवरच्या कारचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी 600 वरून 5,000 झाली, नंतर 20 वर्षांवरच्या गाड्यांना 10,000, त्यामुळे अंगणात उभ्या असलेल्या कितीतरी आठशे लोक ‘घेऊन जा रे बाबा’ म्हणून द्यायला लागले. आमचं फावलं. पण रजिस्ट्रेशन संपलेली गाडी रस्त्यावरून मैदानापर्यंत चालवत नेता येत नाही, मग ती टाटा 407 ट्रकवर चढवायची, गाडी 3.3 मीटर लांब, मागचा फळका उघडा ठेवून दोरखंडाने आवळायची, आणि जायचं-यायचं भाडं धरलं की स्वस्ताई निम्मी तिथेच संपते. हे कोणी आधी सांगत नाही.

(इंदूरला गाड्यांचं वेड आमच्यापासून सुरू झालं असं मात्र नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकात जी ड्युसेनबर्ग बनवून घेतली तिचं इंजिन 6.9 लिटरचं होतं, म्हणजे आमची आठ इंजिनं एकत्र केली तरी थोडी कमीच पडतील. असो.)

तर आता प्रकरण. हंगामात पाच राउंड ठरले होते, झाले चार. त्या चारांत तीन गोष्टी बिघडल्या: नियम, जमीन आणि घड्याळ. लोक भांडले ते नियमावरून आणि घड्याळावरून. माझं मत असं आहे की खरं नुकसान जमिनीने केलं आणि त्यावर कोणी तोंड उघडलं नाही, कारण जमिनीवर भांडायला समोर कोणी माणूस नसतो.

पहिला राउंड दसरा-दिवाळीच्या मध्ये, महूच्या अलीकडे एका मेंबरच्या मावसभावाच्या शेतात. सोयाबीन निघालं की गव्हाच्या पेरणीआधी माळव्यात शेत थोडे दिवस रिकामं असतं, तेवढीच फट. माती कोरडी, वरचा थर भुसभुशीत, जोरात वळवलं की पुढचं चाक नांगरासारखं माती खणत जातं आणि गाडी सरळच चालत राहते. इथे आमच्या एक वहिनी पहिल्या आल्या. शाळेत गणित शिकवतात, गाडी अशी चालवतात की बाहेरून बघणाऱ्याला वाटतं या हळू चालल्यात, ना धूळ ना आवाज, आणि घड्याळ बघितलं की 58.4. ज्याला पुढे सगळे चिरंजीव म्हणायला लागले (आमच्यातल्या एका काकांचा मुलगा, विशीतला, हात चांगला आहे, तोंड जरा जास्त चांगलं आहे) तो त्या दिवशी चौथा.

दुसरा राउंड बायपासच्या बाजूला एका कॉलनीच्या जागेवर. प्लॉट पाडलेत, गेट बांधलंय, गेटवर मोठं नाव लिहिलंय, आत एक घर नाही, अशा जागा इंदूरभोवती कमी नाहीत. मुरूम टाकून दाबलेली कडक जमीन आणि मध्ये शंभर-सव्वाशे मीटरचा सरळ पट्टा. इथे चिरंजीव 51.2 मध्ये आले, वहिनी दुसऱ्या, 52.9. पावणेदोन सेकंदांचा फरक एकदम? चौथ्यावरून? कुजबुज सुरू झाली, पण पुरावा काय.

पुरावा दिला आमच्याच मेकॅनिकने, तोही चुकून. कूलंट टाकायला बॉनेट उघडलं आणि मोठ्याने म्हणाला, ‘‘अरे भिया, ये तो आल्टो का हेड है!’’ पोह्यांच्या प्लेटा हातात धरून अख्खा क्लब तिथे गोळा झाला.

भानगड अशी की जुन्या आल्टोचं इंजिनही 796 सीसीचंच, तीन सिलिंडरचंच, पण त्याच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, वाल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) 12. आमच्या साध्या आठशेला 6. आठशेची ताकद 37 हॉर्सपॉवरच्या आसपास, आल्टोची 46 च्या आसपास. नऊ घोडे ऐकायला काही वाटत नाहीत, पण साडेसहाशे किलोच्या गाडीत ते चौथा हिस्सा जास्त झाले. आणि बारा वाल्व्हचा फायदा वरच्या आरपीएमला, इंजिनाला मोकळा श्वास मिळतो तिथे, म्हणजे सरळ पट्ट्यावर दुसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत ताणताना. सोयाबीनच्या शेतात ताणायला जागाच नव्हती. चिरंजीवांनी इंजिन बसवलं होतं पहिल्या राउंडनंतर, मावशीची ठोकलेली आल्टो घरी पडून होती तिच्यातलं. म्हणजे पोराने डोकं चालवलं होतं, नाही म्हणता येणार नाही.

आता आमचा नियम वाचा: ‘गाडी मारुती 800, इंजिन फॅक्टरीचं, 796 सीसी.’ इंजिन फॅक्टरीचं आहे? आहे. 796 सीसी आहे? आहे. चिरंजीवांनी हेच सांगितलं, काकांनी हेच सांगितलं, आणि काका बँकेतून रिटायर झालेले असल्यामुळे कागदावर बोट ठेवून सांगितलं. ही ओळ लिहिणारा माणूस मी. स्क्रुटिनीला बॉनेट उघडून बघणारा माणूसही मीच, आणि मी फक्त बॅटरीचा क्लॅम्प आणि थ्रॉटलची स्प्रिंग बघितली होती. त्यामुळे मीटिंगमध्ये मी बराच वेळ गप्प होतो.

मीटिंग चालली अडीच तास, कोणाच्या तरी गच्चीवर, चहा तीनदा झाला. एक पक्ष म्हणे पॉइंट काढून घ्या, नियमाचा आत्मा मोडलाय. दुसरा म्हणे आत्मा-बित्मा नाही, लिहिलंय तेच धरा, आणि सगळ्यांनाच आल्टोचं इंजिन लावू द्या, म्हणजे पुढच्या वर्षी भंगारात इंजिन शोधायची रेस वेगळी. शेवटी मधला मार्ग निघाला: दुसऱ्या राउंडचे पॉइंट राहतील, पुढच्या राउंडपासून 6 वाल्व्ह. चिरंजीवांनी तिथल्या तिथे मान्य केलं आणि आठवड्यात जुनं इंजिन परत बसवलं. मला तेव्हा हा निर्णय बरोबर वाटला होता आणि आजही बरोबरच वाटतो, नियम लिहिणाऱ्याच्या चुकीची शिक्षा नियम वाचणाऱ्याला का. पण त्या 10 पॉइंट्सचं ओझं पुढे सगळ्या हंगामाने वाहिलं हेही खरं.

तिसरा राउंड झालाच नाही. डिसेंबरात मावठा आला, रात्रभर टिपटिप, आणि कॉलनीच्या मागच्या टोकाला मुरूम कमी, खाली काळी माती. काळी माती ज्याने ओली बघितली नाही त्याला सांगून कळणार नाही. ती चाकाला लागत नाही, थापली जाते, थरावर थर, आठशेची 12 इंची चाकं, टायर आणि मडगार्डमधली फट भरली की चाक फिरायचंच बंद. ट्रायल रनमध्येच तीन गाड्या रुतल्या, ट्रॅक्टरने ओढून काढल्या, घरी जाऊन स्क्रू ड्रायव्हरने माती खरवडली. खरी गोष्ट पुढे आहे. ती ओली माती गाड्यांनी आणि ट्रॅक्टरने तुडवली आणि मग ऊन पडलं, वाळली, आणि चाकोऱ्या तशाच्या तशा दगडासारख्या राहिल्या. एक तर मनगट बुडेल एवढी खोल. पाटा फिरवून घ्यायला ट्रॅक्टरवाला 1,500 मागत होता. आम्ही म्हटलं बघू. त्याच आठवड्यात ट्रॉफ्यांची ऑर्डर दिली, त्याला पैसे होते.

चौथा राउंड संक्रांतीनंतरच्या रविवारी. आठशेची रुंदी 1.44 मीटर आणि उंची 1.4 मीटर, म्हणजे जवळजवळ चौकोनी डबा, हे आकडे मी नंतर शोधले, आधी शोधायला हवे होते. नवा मेंबर, पहिलाच हंगाम, दुसऱ्या रनमध्ये मागच्या वळणावर गाडी आडवी घसरली आणि घसरता घसरता डाव्या बाजूची चाकं त्या खोल चाकोरीत गेली. आडव्या जाणाऱ्या गाडीला चाकोरी म्हणजे पायात घातलेला पाय. ती काही सिनेमासारखी उडाली नाही. हळू कलली, एका कुशीवर क्षणभर थांबली, आपल्याला वाटलं आता परत बसेल, आणि मग टपावर गेली. मी चाळीस पावलांवर होतो. धावत गेलो तर पोरगं पट्ट्यात उलटं लटकलेलं, हेल्मेट टपाला टेकलेलं, आणि डॅशबोर्डवर ठेवलेला तिळगुळाचा डबा फुटून सगळे लाडू टपाच्या आतल्या अस्तरावर सांडलेले. पहिलं वाक्य काय बोलला तर ‘‘इंजिन बंद केलंय मी.’’ शाबास. पेट्रोलचा वास येत होता, एकजण फायर एक्स्टिंग्विशर धरून उभा, बाकीच्यांनी मान धरून त्याला बाहेर काढलं. खरचटलंसुद्धा नाही. पण ड्रायव्हरच्या बाजूचा पिलर दोन बोटं आत वाकला होता, आणि वेग होता कसाबसा तीस. राउंड तिथेच थांबवला, पहिल्या रनचे टाइम धरले, त्यात चिरंजीव दुसरे आणि वहिनी तिसऱ्या.

संध्याकाळी त्याने विचारलं, इन्शुरन्समधून होईल ना? गाडी रजिस्टर्ड होती, पॉलिसी फुल होती. पॉलिसीचा कागद उघडला तर वापराच्या मर्यादा असा भाग असतो त्यात स्वच्छ लिहिलेलं, ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल, यातलं काही असेल तर कव्हर नाही. आपल्या सगळ्यांच्या पॉलिसीत ही ओळ असते, आपण कोणी वाचत नाही. क्लबने ती पहिल्याच दिवशी वाचून दाखवायला हवी होती. वर्गणी काढून काच आणि पिलरचं काम करून दिलं, पण हे दानावर चालणारं काम नाही.

पाचवा राउंड. फेब्रुवारी. सकाळी सातला गेटवर पोचलो तर ट्रॅकच्या मधोमध चर. जेसीबीने खणलेला, ड्रेनेजचा असावा, कमरेएवढा खोल, मातीचा ढीग शेजारी. जागेच्या मालकाला फोन केला तर म्हणे हो ना, काम सुरू झालं, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का. चूक त्यांची म्हणता येत नाही, आमच्याकडे कागद नव्हता, तोंडी परवानगीवर किती दिवस. ट्रॅक अर्ध्यात कापून 350 मीटरचा केला, कोन परत लावले, सरळ पट्टा गेला, राहिली नुसती वळणं.

हिशोब आता असा होता: वहिनी 10 अधिक 8 अधिक 6, म्हणजे 24. चिरंजीव 5 अधिक 10 अधिक 8, म्हणजे 23. जो पुढे राहील तो चॅम्पियन. आणि नेमकं त्या दिवशी घड्याळ गेलं. आमचं टायमिंग म्हणजे क्लबमधल्या इंजिनीअरिंगच्या मुलाने बनवलेलं लेझरचं गेट, किरण तुटला की घड्याळ थांबतं, आधीच्या तीन राउंडला मस्त चाललं. पण छोट्या ट्रॅकवर फिनिश आला वळणाच्या तोंडाशी, गाडी आडवी येते, तिच्या आधी तिचा धुरळा येतो, आणि धुरळाही किरण तोडतो. दोन गाड्यांचे टाइम फिनिशच्या आधीच थांबले. मग लेझर बंद, तीन माणसं तीन मोबाइल घेऊन उभी, मधला आकडा धरायचा असं ठरलं. वहिनींच्या शेवटच्या रनला तिघांतल्या एकाच्या मोबाइलवर त्याच क्षणी आईचा फोन आला आणि स्क्रीनवर स्टॉपवॉचच्या जागी आईचा फोटो. राहिले दोन. सरासरी काढली. वहिनी 0.18 ने मागे.

बघून बटण दाबायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, आणि प्रत्येकाला थोडे वेगळे. म्हणजे आम्ही जे मोजलं तो त्या दोन गाड्यांमधला फरक होता की बोटांमधला, देव जाणे. आणि त्या दोन मोबाइलपैकी एक होता वहिनींच्या नवऱ्याच्या हातात! त्यामुळे पक्षपात झाला म्हणायची सोय कोणालाच राहिली नाही, वहिनींना तर मुळीच नाही. नियमाप्रमाणे ट्रॉफी चिरंजीवांना दिली. वहिनींनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, ‘‘पुढच्या वर्षी ट्रॉफी नका घेऊ, घड्याळ घ्या.’’ दादांना घरी काय ऐकावं लागलं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या राउंडचे पॉइंट काढले असते तर वहिनी सरळ पुढे होत्या, हे सगळ्यांना माहीत आहे, चिरंजीवांनासुद्धा. पण मी चारी राउंडचे कागद घेऊन बसलो तेव्हा मला दिसलं की बारा वाल्व्हने एकदाच फरक पाडला, तोही त्या एका सरळ पट्ट्यावर. बाकी सगळीकडे जमीन कशी होती यावर निकाल फिरला. आणि माणूस लटकला तोही जमिनीमुळेच.

पुढच्या वर्षीचं काय, यावर क्लबात दोन तट आहेत. तरुण मंडळींच्या डोक्यात पीथमपूर. धार जिल्ह्यात, आपल्या दारातच नॅट्रॅक्स, म्हणजे गाड्यांच्या चाचण्यांचं केंद्र, 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, 2021 च्या जूनमध्ये उद्घाटन झालं, आशियात सगळ्यात लांब म्हणतात, बाहा एसएई इंडिया या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी देशभरातली इंजिनीअरिंगची पोरं आपापल्या बग्ग्या घेऊन तिथे यायची ते आम्ही बघत आलोय. एकदा तरी आपली आठशे तिथे, असं त्यांना वाटतं. मी म्हटलं हिशोब करा. आठशे शंभरने पळवली तरी एक चक्कर पावणेसात मिनिटांची, उजवा पाय फळीला लावून नुसतं बसायचं, गिअर बदलायचा नाही, वळण असं जाणवणारही नाही, कंटाळून झोप येईल. ताशी 375 पर्यंतच्या वेगासाठी आखलेला रस्ता तो. आमच्या गाडीला 600 मीटर आणि बारा वळणं लागतात, तिथे ती वाघ आहे. यावर एक पोरगा म्हणाला काका तुम्ही म्हातारे झालात, आणि मीटिंग पुढे सरकली.

जे ठरलं ते सांगतो. जागा: राऊच्या पलीकडे एकांची बरड जमीन आहे, मुरमाड, पीक येत नाही, ती हंगामापुरती लेखी भाड्याने, आणि प्रत्येक राउंडच्या आदल्या दिवशी पाटा आणि पाण्याचा टँकर, याला पैसे आधी, मग बाकी सगळं. ट्रॉफी स्टीलच्या डब्याची चालेल. कुंपण आणि गेटही लागेल, कारण मोटर व्हेइकल्स ॲक्टचं कलम 189 सार्वजनिक जागी वेगाच्या शर्यतीला लागतं, 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेलाच 5,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ज्या उघड्या कॉलनीत दूधवाला शॉर्टकट मारतो ती जागा खाजगी आहे हे आपण कोणाला पटवणार. एफएमएससीआयला, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संस्थेला, जोडलेल्या एखाद्या क्लबच्या हाताखाली रीतसर परमिट घेऊन दोन राउंड तरी करायचे असंही ठरलंय, म्हणजे लायसन्स आलं, ॲम्ब्युलन्स आली, इन्शुरन्स आला, आणि खर्च आला. चार जण यातच गळतील असं मला वाटतं. गळू देत.

केजशिवाय, म्हणजे गाडी उलटली तरी टप चेपू नये म्हणून आत बसवतात त्या पाइपच्या सांगाड्याशिवाय, गाडी सोडायची नाही, यावर मात्र कोणी वाद घातला नाही. फॅब्रिकेटरकडे गेलो तर त्याने कोपऱ्यातला जीआय पाइप दाखवला, ‘‘भिया, पाइप तो पाइप है.’’ नाही रे बाबा. एफआयएचा, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेचा, नियम मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनजोड, पाइप मागतो, 45 मिलिमीटर व्यास आणि 2.5 जाडी, किंवा 50 आणि 2. बाकीच्या दांड्यांना 38 आणि 2.5. साध्या पाइपला लांबीभर जोड असतो, आणि वाकवताना किंवा आपटल्यावर तो तिथेच उकलायची भीती. त्याला एक तुकडा कापून आतली रेघ बोटाने दाखवली तेव्हा पटलं. अकरा गाड्यांचा सीमलेस एकदम घेतला तर परवडतो, म्हणून दोन जण अजून नाही म्हणतायत त्यांच्या मागे लागलोय.

आणि इंजिन. सहा वाल्व्ह लिहिलं तर कोणी पिस्टन बदलेल, पिस्टन लिहिलं तर कॅम, मी किती ओळी लिहू? अमेरिकेत मातीच्या छोट्या ट्रॅकवर एक जुनी रीत आहे, जिंकलेल्याचं इंजिन हरलेल्यांपैकी एखादा ठरलेल्या किमतीला मागू शकतो आणि त्याला द्यावंच लागतं. म्हणजे इंजिनावर पन्नास हजार घालून उपयोग नाही, कोणीतरी बारा हजारांत उचलून नेणार. आमची किंमत 12,000 ठरली, वरच्या हेडपासून खालच्या ऑइल-संपपर्यंत. काकांनी विरोध केला, चिरंजीवांनी बाजूने हात वर केला, बापलेकात तिथेच जुंपली, पण पास झालं.

चिरंजीवांची गाडी जुन्या इंजिनावरही बरी ओढते, काय केलंय ते सांगत नाहीत. वहिनींनी 12,000 आत्ताच बाजूला काढून ठेवलेत.